वासाचे पैसे

घर सोडताना घरमालक डिपॉझिट जसंच्या तसं हातावर ठेवील असं मानणारा माणूस एकतर सिल्वासात नवा असतो, नाहीतर शिक्षक असतो. गजानन नार्वेकर नवा नव्हता. डोकमर्डीत हसमुखभाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर तो सात वर्षं भाड्याने राहत होता आणि सरकारी मराठी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होता. आता त्याने कर्ज काढून सामरवरणीला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. बिल्डरला शेवटचा हप्ता दिल्याशिवाय किल्ली मिळणार नव्हती, आणि त्या हप्त्यात हसमुखभाईंकडचे तीस हजार त्याने मनातल्या मनात केव्हाच धरून टाकले होते.

रविवारी सकाळी हसमुखभाई घर बघायला वर आले. दुपारी टेम्पो यायचा होता, वाटेत बिल्डरला हप्ता देऊन किल्ली घ्यायची होती, त्यामुळे अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. हसमुखभाई खोक्यांना वळसा घालत, भिंतींवर बोट फिरवत, नळ सोडत आणि बंद करत सगळं घर फिरले. मग एका खोक्यावर बसून म्हणाले, "जुओ मास्तरसाहेब, रंग नवा करावा लागेल. नळ पण बदलावा लागेल. बाथरूमच्या लाद्या बघा, पिवळ्या करून टाकल्या. पंधरा कापतो, पंधरा देतो. बराबर ने?"

गजानन याची वाटच बघत होता. आयुष्यभर तो पैशाच्या बाबतीत 'जाऊ दे' म्हणत आला होता. मंगलाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या मते तर तो रिक्षावाल्याकडूनही सुटे मागायला लाजायचा. पण या वेळी त्याने तयारी केली होती. राहायला आले त्या दिवशी काढलेले फोटो फोनमध्ये शोधून ठेवले होते. तो शाळेतल्या आवाजात बोलायला लागला.

"रंग सात वर्षांत विटतोच, हसमुखभाई. आम्ही राहिलो म्हणून नव्हे, घर रिकामं असतं तरी विटला असता. भाडं कशाचं घेता मग? नळ मी माझ्या पैशाने दोनदा बदललाय, तुम्हाला सांगूनच बदललाय. आणि लाद्या पिवळ्या झाल्यात त्या तुमच्या बोअरच्या पाण्याने. खालच्या सगळ्या खोल्यांतून तशाच आहेत, चला दाखवतो."

मंगला दाराशी उभी राहून ऐकत होती. नवऱ्याला असं मुद्देसूद भांडताना ती पहिल्यांदाच बघत होती आणि तिला ते मनापासून आवडलं. हसमुखभाईंनी फोटो बघितले. चष्मा वर केला, खाली केला. हिशेब आपल्या बाजूने जात नाही हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी बाजूच बदलली.

"बराबर," ते म्हणाले. "रंग सोडला. नळ सोडला. लादी पण सोडली. आता हे सांगा मास्तर, हा वास कसला?"



हसमुखभाई स्वयंपाकघराच्या मधोमध जाऊन उभे राहिले. डबे उचलल्यामुळे फळ्या मोकळ्या झाल्या होत्या आणि सात वर्षं डब्यांमागे दडून बसलेला वास आता निवांत बाहेर आला होता. वास सुक्या बोंबलांचा होता. कोकणातल्या माणसाला तो वास घराचा वाटतो. हसमुखभाईंनी रुमाल नाकाला लावला.

"वास भिंतीत गेला. प्लास्टर खरवडावं लागेल. त्याचे पंधरा," ते रुमालातून म्हणाले.

आता इथे मागचं थोडं सांगायला हवं. सात वर्षांपूर्वी बदली होऊन आलेला गजानन घर शोधून शोधून टेकीला आला होता. कुठे भाडं परवडत नव्हतं, कुठे नाव विचारून झाल्यावर जेवण विचारत होते. हसमुखभाईंनीही विचारलं, "शुद्ध शाकाहारी ने?" गजाननने पायांतल्या चपलांकडे बघितलं, मंगलाच्या कडेवर पेंगणाऱ्या मृणालकडे बघितलं आणि "हो" म्हणाला. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण घाबरलेला माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. तो पुढे म्हणाला, "आमच्याकडे तर चतुर्थीला कांदासुद्धा चालत नाही." हसमुखभाई इतके खूश झाले की त्यांनी भाड्यातले दोनशे कमी केले.

मग सात वर्षं हे कुटुंब आपल्याच घरात चोरासारखं जेवलं. गुहागरहून मंगलाचा भाऊ सुके बोंबील आणि सुकट पाठवायचा, ती तांदळाच्या पिंपात तळाशी जायची. हसमुखभाईंच्या घरी संध्याकाळची आरती सुरू झाली की वर मंगला तवा ठेवायची, म्हणजे त्यांचा धूप आणि हिचा धूर एकात एक मिसळून जाई. ताजी मासळी खायची तर दमणला जायचं, तिथे खानावळीत खायची आणि बसमध्ये बडीशेप चघळत परत यायचं. काटे वर्तमानपत्रात गुंडाळून गजाननच्या शाळेच्या पिशवीतून जात आणि दमणगंगेच्या पुलाजवळच्या उकिरड्यावर पडत. कोणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, मास्तर रोज उत्तरपत्रिका टाकून देतात की काय.

मृणालला या घरात आल्याबरोबर एक वाक्य पढवलं गेलं होतं, 'आम्ही भाजी खातो.' वासोण्याच्या सफारीत शाळेची सहल गेली तेव्हा सिंह बघून झाल्यावर बाईंनी मुलांना विचारलं होतं, तुमच्यापैकी कोण कोण सिंहासारखं खातं? मृणालने हात वर केला, आणि हसमुखभाईंचा नातू मागच्या सीटवर आहे हे आठवून तोच हात केसांवरून फिरवून खाली घेतला. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा आईबाप दोघंही हसले होते. पोरगी हुशार निघाली म्हणून हसले होते.

म्हणजे हसमुखभाई भिंतीत वास म्हणत होते ते खोटं नव्हतं. प्लास्टर खरवडायची गोष्ट थापच होती, सोडा घालून पुसलं असतं आणि चुना मारला असता तर भागलं असतं. पण ते म्हणायचं तर आधी वास आपला आहे हे कबूल करावं लागणार. गजाननला हप्ता दिसत होता. किल्ली दिसत होती. आणि सगळ्यांत जास्त त्याला हे दिसत होतं की हा माणूस उद्या डोकमर्डीभर सांगत फिरेल, मास्तर सात वर्षं खोटं बोलला.

खिडकी उघडी होती. खाली मोरीवर कोणीतरी कपडे आपटत होतं.

"मी कोणाचं नाव घेणार नाही, हसमुखभाई," गजाननने स्वतःचा आवाज ऐकला. "पण आमची ही खिडकी कोणाच्या दाराच्या वर येते, ते तुम्हीच बघा."

हसमुखभाईंनी वाकून बघितलं. खाली तळमजल्यावरच्या खोलीतली आक्काबाई नातवाचे लंगोट धूत होती.

"झिपरू?" हसमुखभाई म्हणाले. "पण त्याला तर तुम्हीच आणला."

"तेच तर," गजानन म्हणाला. "मलाच वाईट वाटतं."

झिपरू हा आक्काबाईचा नवरा. शिरपूरकडचा, खडोलीला सुताच्या कारखान्यात कामाला. त्याचा मोठा मुलगा नवनाथही तिथेच, आणि धाकटा संजू गजाननच्या शाळेत. दोन वर्षांपूर्वी झिपरू शाळेत आला होता, शाळेजवळ खोली बघून द्या म्हणून. गजाननने हसमुखभाईंना सांगून तळमजल्यावरची खोली मिळवून दिली. "माणसं चांगली आहेत, माझी जबाबदारी," असं त्याने हसमुखभाईंना सांगितलं होतं. आणि सामान लावणाऱ्या आक्काबाईला खाली जाऊन वेगळं बजावलं होतं, "मालकांना मांसमच्छी अजिबात चालत नाही हं. मी शब्द दिलाय. माझं नाव जाईल."

"नही करावं, गुरुजी," आक्काबाई म्हणाली होती, "तुम्हना शब्द तो आम्हना शब्द." आणि तिने तो पाळला होता. तिच्या घरी काही करायचं असलं तर सगळे मिळून खडोलीला झिपरूच्या भावाच्या झोपडीत जायचे. गजाननला हे ठाऊक होतं. संजूच सांगायचा.

हसमुखभाईंनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी एकदा खिडकीकडे आणि एकदा गजाननकडे बघितलं, हसले, फोन काढला आणि तिथल्या तिथे तीसच्या तीस हजार पाठवून दिले. जाताना जिन्यावरून म्हणाले, "तुमच्यासारखा भाडोत्री पुन्हा नाही मिळायचा, मास्तर."

पैसे जमा झाल्याचा मेसेज वाजला तेव्हा खरं तर तिघांनी आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या. मंगला खाली बसली आणि बांधलेल्याच खोक्याची सुतळी सोडून पुन्हा बांधायला लागली. मग ती म्हणाली, "नुसतं नाही म्हणायचं होतंत. माहीत नाही म्हणायचं होतंत. तिचं कशाला दाखवलंत?"

"मी कुठे नाव घेतलं?" गजानन म्हणाला.

मंगलाने वर बघितलं नाही. गेल्याच पावसाळ्यात ती तापाने पडली होती, तेव्हा आक्काबाई कामावरून येऊन दोन्ही घरच्या भाकरी थापत होती. हे तिने बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायची गरजच नव्हती, दोघंही तेच आठवत होते.

मृणाल आता इयत्ता सहावीत होती. ती पुस्तकं खोक्यात भरत होती, ती थांबली. "बाबा," तिने सरळ साध्या आवाजात विचारलं, "कोणी विचारलं तर मीपण आता असंच सांगायचं का? आक्काबाईंचा वास येतो म्हणून?"

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच नवं वाक्य हवं होतं, कारण जुनं या घरापुरतं होतं आणि घर तर सोडायचं होतं. गजाननने तिला पुस्तकं भर म्हणून सांगितलं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. लाज वाटली की आपले कान तापतात हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. पण खिडकीतून तर तीच मोरी दिसत होती. मग तो बाथरूममध्ये जाऊन लाद्या घासत बसला. ज्या लाद्यांबद्दल इतका भांडला होता त्याच.

घासता घासता त्याने स्वतःची समजूत काढायचा प्रयत्न केला. हसमुखभाई फार तर झिपरूला दोन शब्द बोलतील. झिपरू म्हणेल, नाही करत मालक, आणि संपेल. आपण तर जातोच आहोत. गरीब माणसाला दोन शब्दांची सवय असते. हा शेवटचा विचार डोक्यात आला तेव्हा मात्र त्याचा हात थांबला. असला विचार आपल्याला सुचू शकतो याची त्याला किळस आली. पण उठून खाली जावं एवढी काही ती किळस मोठी नव्हती. तो बसूनच राहिला.

टेम्पो आला. हमालांनी कपाट उतरवलं, पलंग उतरवला. गजानन देवांचं खोकं हातात धरून दारात उभा असताना आक्काबाई जिना चढून वर आली. पदर खोचलेला, हात अजून ओले. धापा टाकत होती.

"गुरुजी, चला जराखे खाली," ती म्हणाली. "मालक काय बी बोली ऱ्हायना. म्हने, तुम्ही मच्छी रांधतस, वरलोंग वास जास. म्हने, मयनाअखेरले खोली खाली करा आन डिपाझिट भेटाव नही. त्याले कोनी तरी चाडी सांगी. तुम्हीच सांगा त्याले. तुम्हले तर सगळं ठाऊक शे."

मंगलाने आत दोन्ही हात तोंडावर घेतले. गजानन म्हणाला, "माझं सामान..."

"आते जाशात तुम्ही, मंग कोन सांगी?" आक्काबाई म्हणाली. तिने त्याच्या हातातलं देवांचं खोकं हलकेच काढून घेतलं, मंगलाच्या हाती दिलं आणि त्याच्यापुढे जिना उतरायला लागली. तो आपल्यामागे येतोय की नाही हे तिने वळून बघितलंसुद्धा नाही.

खाली आवारात हसमुखभाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. समोर झिपरू उभा होता. रात्रपाळी करून झोपलेला माणूस उठवून आणलेला, बनियनवरच होता, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. खोलीच्या दारात त्याची सून सोनी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाजूच्या खोल्यांतले चारदोन लोक काम नसल्यासारखे उभे होते. टेम्पोवाला बिडी ओढत ऐकत होता.

"हे गुरुजी उनात," आक्काबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "यास्ले इचारा. या खोटं बोलाव नहीत."

हसमुखभाईंनी पाय पसरले. या माणसाला मजा येतेय हे गजाननला कळलं. "बोला मास्तर," ते म्हणाले. "बाई म्हणते तुम्ही साक्षी."

सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे. वर्गात चाळीस पोरं बघायची तेव्हा गजाननला कधी काही वाटायचं नाही. इथे आठदहा माणसं बघत होती आणि त्याला पाय कुठे ठेवावेत ते कळेना.

"नाही, म्हणजे," तो म्हणाला, "आक्काबाईंच्या घरी मी तरी असं काही कधी पाहिलेलं नाही. काहीतरी गैरसमज झाला असेल. चांगली माणसं आहेत, हसमुखभाई. जरा सांभाळून घ्या."

त्याला वाटलं, जमलं. कोणाचंच वाईट न करता निसटता आलं. आक्काबाईने तर हात कपाळाला लावून हसमुखभाईंकडे बघितलंही, ऐकलंत ना, अशा अर्थाने.

"असं?" हसमुखभाई म्हणाले. "मग सकाळी मला खिडकी कशाला दाखवली?"

आक्काबाईला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. तिने वर बघितलं. वर मंगलाच्या स्वयंपाकघराची खिडकी होती, तिच्या दाराच्या बरोबर डोक्यावर. तिथून तिची नजर सावकाश खाली आली, गजाननवर. "कसानी खिडकी, गुरुजी?" तिने विचारलं.

धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, ते गजाननला त्या क्षणी अगदी मनापासून हवं होतं. पण आवारात तर फरशी होती. जिन्याच्या पायरीवर मृणाल येऊन उभी राहिली होती, पुस्तकांची पिशवी पोटाशी धरून. ती बापाचं नवं वाक्य ऐकायला थांबल्यासारखी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"वास आमचा आहे," गजानन म्हणाला. मग ते पुन्हा, मोठ्याने म्हणाला. "हसमुखभाई, वास आमच्या घरातला आहे. आम्ही खातो. पहिल्यापासून खातो. यांच्या घरी कधी शिजलेलं नाही. मी सकाळी खोटं बोललो."

यावर हसमुखभाई रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. ते हसले.

"मला काय ठाऊक नाही, मास्तर? पहिल्या वर्षापासून ठाऊक. आरतीला बसलो की बोंबलाचा वास. वास काय लपतो? पण भाडं एक तारखेला येतं, पोरगी शांत, मास्तर माणूस. मी म्हटलं, जाऊ दे, जाताना बघू." त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "सकाळी तुम्ही झिपरूवर टाकलं. मी म्हटलं, बराबर, झिपरूचं पण डिपॉझिट माझ्याचकडे आहे. कोणाचं कापलं काय, मला सारखंच. आता तुम्ही म्हणता तुमचा, तर तुमचे कापतो. वासाचे पंधरा. आणि रंगाचं काय करायचं?"

रंगाचे पैसे गजाननने द्यायचे नव्हते. नळाचे नव्हते, लाद्यांचे नव्हते, वासाचे पंधरा तर कुठल्याच हिशेबात बसत नव्हते. सकाळी यातला एकेक मुद्दा त्याने तोंडावर फेकला होता आणि एकही चुकीचा नव्हता. आताही नव्हता. फोटो खिशातल्या फोनमध्ये तसेच होते. पण ते काढायला हात उठेना. खोटं पकडलं गेलेल्या माणसाने खरं भांडायला तोंड कुठून आणायचं? शेजारचे लोक बघत होते आणि त्याला वाटत होतं, आपण आता 'बोअरचं पाणी' म्हटलं तरी हे हसतील.

"कापा," तो म्हणाला.

"सगळे?"

"सगळे कापा."

त्याने फोन काढला आणि सकाळी आलेले सगळे पैसे परत पाठवले. त्यांच्याबरोबर आजची किल्लीही गेली हे त्याला कळत होतं. हसमुखभाईंनी आपल्या फोनवर खात्री करून घेतली, खुर्ची उचलली आणि जाता जाता झिपरूच्या खांद्यावर थोपटलं. "राहा तू. आरामात राहा," असं म्हणून ते आपल्या घरात गेले. माणसं पांगली. टेम्पोवाल्याने बिडी विझवली.

झिपरूने गजाननकडे बघितलं नाही. गुरुजींना या अवस्थेत बघायची त्यालाच लाज वाटत असावी. तो केसांतले तंतू काढत खोलीत गेला आणि आडवा झाला, रात्री पुन्हा पाळी होती.

आक्काबाई मात्र तिथेच उभी होती. ती भांडेल, शिव्या देईल, चहाडी सांगणाऱ्याला जे जे बोलली असती ते सगळं आपल्याला बोलेल, अशी गजाननने मनाची तयारी केली होती. खरं म्हणजे तो त्याची वाटच बघत होता. त्याने हात जोडले. "आक्काबाई, माझं चुकलं," तो म्हणाला. "पैशापायी बोलून गेलो."

"तुम्हीन खादं त्यानं काही नही, गुरुजी," ती म्हणाली. ती अजून काहीतरी जुळवत होती. "खावानीच चीज शे ती. आम्ही बी खातस. मंग आम्हले कसाले सांगं व्हतं, करू नका म्हनीसन? तुम्हना शब्द म्हनीसन?"



"गयी दिवायीले सोनीले दिवस व्हतात," आक्काबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, ती नुसतं आठवून सांगत होती. "तिले बोंबीलना डोहाळा लागना. काहीच जाये ना पोटमा. रोज म्हने, आई, वरथून वास यी ऱ्हायना, ताईस्कडथून एक तुकडा मांगी लयू का. मी म्हने, गुरुजीस्ना घरले नाव ठेवस का? ते असं खातस का? तुन्हंच मन घाण. एक दिन तिनी फिरी म्हनं, तं मी तिन्हा तोंडवर मारं. भरल्या दिवसनी पोरले."

गजाननचे हात जोडलेलेच राहिले होते. ते खाली घ्यावेत की तसेच ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. मंगला देवांचं खोकं घेऊन जिना उतरत होती, ती मध्येच थांबली आणि भिंतीला टेकली. तिने ऐकलं होतं.

आक्काबाई त्याच्याकडे पाठ करून आपल्या दाराशी गेली आणि सोनीसमोर उकिडवी बसली. बाळ झोपलं होतं.

"सोनी," ती म्हणाली, "वास खराच व्हता, बाई. वरथूनच ये."

सोनीने बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. तिने एकदा गजाननकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली.

"माले ठाऊक व्हतं, आई," ती हळूच म्हणाली. "एक डाव मी वर गई व्हतू, तवावर दिखनं बी व्हतं. गुरुजीस्ले लाज वाटती, म्हनीसन मी सांगं नही."